ट्रेलरच्या चाकांचे बॅलन्सिंग : चाक ज्या बैठकीवर धावते, त्याच बैठकीवर ते तोलावे

गाडीच्या पुढच्या चाकाचा तोल बिघडला, की स्टिअरिंग हातातच थरथरू लागते आणि चालक लगेच गॅरेजची वाट धरतो. मागे जोडलेल्या ट्रेलरच्या बाबतीत असे काही घडत नाही. ट्रेलरमध्ये कोणी बसलेले नसते, त्याला स्टिअरिंग नसते, आणि त्याच्या चाकाची थरथर जोडणीपर्यंत पोहोचता पोहोचता इतकी क्षीण होते, की पुढच्या गाडीत बसलेल्याला ती रस्त्याचीच खडखड वाटते. म्हणून ट्रेलरच्या चाकाचा असमतोल आडवाटेने कळतो. मडगार्डाचे बोल्ट वारंवार ढिले होतात, मागच्या दिव्याची वायर एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा तुटते, नीट बांधलेला माल प्रवासाअखेरीस सरकलेला सापडतो, किंवा अर्धेही आयुष्य न संपलेल्या टायरवर हाताला लागतील असे उंचवटे-खोलगे तयार होतात. ट्रेलरची स्प्रिंग बहुधा कडक पाट्यांची किंवा रबराच्या टॉर्शन ॲक्सलची (नळीतल्या रबराच्या पिळावर धक्का झेलणाऱ्या ॲक्सलची) असते आणि अनेक ट्रेलरना शॉक ॲब्सॉर्बरच नसतात, त्यामुळे चाकाचा प्रत्येक धक्का सांगाड्यात जसाच्या तसा उतरतो.

या धक्क्याचे मोजमाप एकदा करून पाहिले, की बॅलन्सिंगचे, म्हणजे रिमवर छोटी वजने लावून चाकाचा तोल साधण्याचे, महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागत नाही. १४ इंची रिमवर सुमारे ३३ सेंटिमीटर त्रिज्येचा टायर आहे आणि रिमच्या कडेपाशी, म्हणजे मध्यापासून साधारण १८ सेंटिमीटरवर, ३० ग्रॅम जास्तीचे वजन आहे असे धरू. ताशी ९० किलोमीटर वेगाला हे चाक सेकंदाला सुमारे १२ फेरे घेते आणि ते ३० ग्रॅम चाकाला तीन किलोहून थोड्या अधिक वजनाइतक्या जोराने बाहेर खेचते. ही ओढ सेकंदाला १२ वेळा वर आणि तितक्याच वेळा खाली फिरते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, त्यामुळे तेच चाक ताशी ४० किलोमीटरला जेमतेम सहाशे ग्रॅमचा धक्का देते. जो ट्रेलर कायम ताशी ४० किलोमीटरच्या आत, शेतात किंवा आवारात फिरतो, त्याच्या चाकांच्या बॅलन्सिंगवर वेळ घालवू नये असेच माझे मत आहे. हमरस्त्यावर ताशी ७० किंवा त्याहून अधिक वेगाने जाणाऱ्या ट्रेलरसाठी मात्र ते टाळू नये, आणि घोडे, मधमाश्यांच्या पेट्या, बोट किंवा नाजूक यंत्रे वाहून नेणाऱ्या ट्रेलरसाठी तर मुळीच टाळू नये.

वजन लावण्याआधीची तपासणी

वजन चिकटवून सगळे दोष झाकले जात नाहीत. वाकलेली रिम, ढिले बेअरिंग किंवा वेडावाकडा झिजलेला टायर तसाच ठेवून केलेले बॅलन्सिंग मशीनवर शून्य दाखवते, पण रस्त्यावर थरथर कायम राहते. म्हणून पहिला तास चाकाच्या तपासणीला द्यावा.

सुरुवात ट्रेलर उचलण्यापासून करावी. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडलेलाच ठेवावा, गाडीचा हँडब्रेक लावावा आणि ज्या बाजूचे चाक काढायचे नाही त्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून भक्कम ठोकळे लावावेत. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा ढिले करून घ्यावेत, कारण ट्रेलर उचलल्यावर जोर लावला तर तो जॅकवरून घसरू शकतो. जॅक कुठे लावायचा हे ॲक्सलच्या प्रकारावर अवलंबून असते. टॉर्शन ॲक्सलच्या नळीला मध्येच जॅक लावल्यास ती वाकण्याचा धोका असतो, म्हणून तिथे सांगाड्याच्या मजबूत भागाखाली, उत्पादकाने दाखवलेल्या जागीच जॅक लावावा. उचलल्यावर खाली स्टँड ठेवल्याशिवाय हात आत घालू नये.

चाक हवेत आले की घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी दोन्ही हातांनी टायर धरून तो आत-बाहेर हलवून पाहावा. जाणवेल न जाणवेल इतका प्ले (ढिलेपणा) चालतो, पण टक्-टक् असा आवाज येत असेल तर बेअरिंग आधी नीट करावे. मग चाक हाताने फिरवून कान लावावा. बेअरिंग चांगले असेल तर ग्रीसची हलकी सळसळ तेवढी ऐकू येते, आणि खराब बेअरिंगची घरघर पाट्याला हात लावला तरी जाणवते.

यानंतर रिम आणि टायर गोल आहेत का, हे पाहायचे. जमिनीवर एक जड ठोकळा ठेवून त्याला एक टोकदार तार अशी बांधावी, की तिचे टोक रिमच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटरवर राहील. चाक अगदी सावकाश फिरवत तार आणि रिम यांमधली फट कुठे कमी-जास्त होते ते पाहावे, आणि तीच तार टायरच्या मध्यावर धरून पुन्हा पाहावे. रिमच्या कडेला फरक साधारण एक मिलिमीटरच्या आत आणि टायरच्या पृष्ठावर साधारण दीड मिलिमीटरच्या आत असेल तर पुढे जायला हरकत नाही. फरक याहून जास्त असल्यास टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवावा, कारण पुष्कळदा रिमचा उंच भाग आणि टायरचा उंच भाग एकाच जागी आलेले असतात. तरीही फरक राहिला तर त्या जोडीतला एक भाग बदलणेच शहाणपणाचे ठरते.

झीज वाचता आली तर अर्धे निदान तिथेच होते. मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त भरली जात आहे, दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी आहे किंवा भार जास्त आहे. एकाच कडेची झीज बहुधा ॲक्सल वाकल्याची किंवा तिरका बसल्याची खूण असते, आणि ती बॅलन्सिंगने जाणार नाही. टायरच्या परिघावर ठराविक अंतराने खोलगे पडले असतील, तर असमतोल किंवा ढिले बेअरिंग यांपैकी एक कारण जवळजवळ नक्की असते. दुहेरी ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये तीव्र वळणावर टायर आडवे घासले जातात, त्यामुळे तिथली झीज पाहताना वळणांची ही घासण हिशेबात धरावी. टायरच्या बाजूवर छापलेल्या चार अंकी तारखेकडेही लक्ष द्यावे : २३१९ याचा अर्थ २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालेला टायर. ट्रेलर बराच काळ उभा राहतो, म्हणून त्याचा टायर झिजून गुळगुळीत होण्याआधीच म्हातारा होतो. बाजूला बारीक तडे दिसत असलेल्या टायरचे बॅलन्सिंग करण्यापेक्षा तो काढून टाकणे योग्य.

उभ्या राहण्याचा आणखी एक परिणाम असा, की महिनोन्महिने एका जागी उभ्या असलेल्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग तात्पुरता चपटा होतो. अशा चाकाचे थेट बॅलन्सिंग केले, तर चार दिवसांनी आकार सुधारल्यावर तोल पुन्हा बिघडलेला दिसेल. म्हणून आधी हवा नेमकी भरून ट्रेलर २०-३० किलोमीटर चालवून टायर गरम करून घ्यावेत. हवेचा दाब मात्र नेहमी टायर थंड असताना, निघण्यापूर्वीच मोजावा.

शेवटी चाक धुवावे. ही सूचना क्षुल्लक वाटते, परंतु रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल सहज पन्नास-शंभर ग्रॅमचा असतो आणि बॅलन्सिंग झाल्यावर पहिल्याच पावसात तो गळून पडतो. टायरच्या खाचांत अडकलेले खडे पेचकसाने काढावेत. पूर्वीची सगळी वजने आणि त्यांच्या चिकटपट्टीचे अवशेषही काढून टाकावेत. टायरमध्ये पंक्चर बुजवणारे द्रवरूप सीलंट घातलेले असेल, तर ते काढून आतून पुसून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण प्रत्येक फेऱ्यात ते द्रव जागा बदलते आणि मशीन दर वेळी वेगळाच आकडा दाखवते.

चाकाची खरी बैठक कोणती

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि ट्रेलरच्या चाकांचे बॅलन्सिंग फसते ते बहुतेक वेळा इथेच.

अनेक मोटारींच्या रिमचे मधले मोठे छिद्र हबच्या (ॲक्सलच्या टोकाला फिरणाऱ्या, ज्यावर चाक बसते त्या भागाच्या) उंचवट्यावर घट्ट बसते. चाक मध्यावर आणण्याचे काम ते छिद्र करते, नट फक्त दाबून धरतात. ट्रेलरच्या पुष्कळशा रिमची रचना वेगळी असते. त्यांचे मधले छिद्र मुद्दाम मोठे ठेवलेले असते, म्हणजे हब आणि त्यावरची ग्रीसची टोपी त्यातून मोकळेपणाने बाहेर येते. चाक मध्यावर आणण्याचे काम तिथे नटांची निमुळती तोंडे करतात. ती रिमच्या छिद्रांतल्या तशाच उतरत्या बैठकीत बसतात आणि चाकाला मध्यावर ओढतात. मधले छिद्र या कामात कुठेच नसते, त्यामुळे ते स्टडच्या (हबवरच्या, ज्यांवर नट बसतात त्या बोल्टांच्या) वर्तुळाच्या अगदी मध्यभागी असावे अशी निर्मात्याची काटेकोर अपेक्षाही नसते.

नेहमीच्या बॅलन्सिंग मशीनवर मात्र चाक त्या मधल्या छिद्रात कोन (शंकूच्या आकाराचा तुकडा) घालूनच धरले जाते. छिद्राचा मध्य आणि स्टडच्या वर्तुळाचा मध्य यांत एक मिलिमीटरचा फरक असला तर काय होईल ते पाहा. चाकाचे वजन २० किलो असेल तर ते सगळे २० किलो एक मिलिमीटर बाजूला सरकलेले आहे, आणि रिमच्या कडेला १८ सेंटिमीटरवर याचा हिशेब सुमारे ११० ग्रॅम होतो. अर्धा मिलिमीटर फरक असला तरी ५५ ग्रॅम. म्हणजे मशीनवर शून्यावर आणलेले चाक ट्रेलरला लावताच ५५ ग्रॅमने बिघडलेले असते, आणि यात मशीनचा काही दोष नसतो.

माझ्या स्वतःच्या ट्रेलरच्या बाबतीत हेच घडले. दोन्ही चाके कोनवर तोलून घेतली होती, आकडे शून्य होते, तरीही ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे मागचा फाळका झांजेसारखा वाजत असे. मी बेअरिंग बदलली, पाट्यांचे बुश बदलले, आणि शेवटी एका कारागिराने तेच चाक, एकही वजन न हलवता, स्टडच्या प्लेटवर चढवून फिरवले तेव्हा डाव्या चाकाने ५५ ग्रॅम दाखवले. त्या दिवसापासून ट्रेलरचे चाक कोणत्या बैठकीवर तोलले जाणार, हे मी काम सांगण्याआधीच विचारून घेतो.

आपल्या चाकाची बैठक ओळखणे सोपे आहे. नट न लावता रिम हबवर टेकवावी आणि वर-खाली हलवून पाहावी. ती मधल्या छिद्रात जराही न हलता बसली तर बैठक हबची आहे आणि कोन चालेल. ती खुळखुळली तर बैठक स्टडची आहे, आणि अशा चाकासाठी मशीनवर स्टडच्या छिद्रांतून चाक धरणारी प्लेट लावायला सांगावे. ही प्लेट चार, पाच, सहा किंवा आठ स्टडच्या वेगवेगळ्या वर्तुळांसाठी जुळवता येते आणि तिचे दांडे नटांसारख्याच निमुळत्या तोंडाचे असतात. दुकानात ती नसेल तर दुसरे दुकान शोधावे, किंवा पुढे सांगितलेली हाताची पद्धत वापरावी.

मशीनवर बॅलन्सिंग करताना

मशीनमध्ये तीन मापे भरली जातात : मशीनपासून रिमच्या आतल्या कडेचे अंतर, रिमचा व्यास आणि रिमची रुंदी. यातले एक जरी चुकले तरी आलेले वजन चुकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यालाही शून्य येत नाही. असा चाळा सुरू झाला की कारागीर आणखी वजने चढवत जातो. तसे न करू देता मापे पुन्हा भरायला सांगावीत.

मशीन दोन आकडे दाखवते, आतल्या कडेचा आणि बाहेरच्या कडेचा. दोन्ही का लागतात, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. चाकाची एक बाजू नुसती जड असेल तर ते वर-खाली उसळते. पण आतल्या कडेला जड बाजू वर आणि बाहेरच्या कडेला ती खाली असेल, तर उभे चाक हाताने तोलून पाहताना बरोबर दिसते आणि वेगात मात्र डावी-उजवीकडे डोलते. हा दुसरा दोष फक्त फिरवल्यावरच सापडतो. रिम जितकी रुंद, तितका तो जास्त जाणवतो. अरुंद रिमच्या लहान ट्रेलरला पहिला दोष काढला तरी पुष्कळ फरक पडतो.

आकडे मोठे आले, म्हणजे १३ ते १५ इंची चाकाला एका बाजूला १०० ग्रॅमहून अधिक वजन मागितले जाऊ लागले, तर वजन लावण्याची घाई करू नये. हवा काढून, टायरची कड सोडवून, टायर रिमवर अर्धा फेरा फिरवावा आणि पुन्हा मोजावे. बऱ्याचदा १२०चे ४० होतात. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो टायरची हलकी बाजू दाखवतो, आणि तो व्हॉल्व्हपाशी ठेवण्याची रीत आहे, कारण रिमची जड बाजू सहसा व्हॉल्व्हची असते. लाल ठिपका टायरचा उंच भाग दाखवतो. रिमवर तिच्या खोल भागाची खूण असेल तर लाल ठिपका त्या खुणेपाशी आणावा, आणि असे करणे शक्य असेल तिथे पिवळ्यापेक्षा लाल ठिपक्याला मान द्यावा.

शून्य आल्यावर दोन गोष्टी करून घ्याव्यात. पुष्कळ मशीन पाच ग्रॅमच्या आतली चूक शून्य म्हणूनच दाखवतात, म्हणून पूर्णांकित न केलेला खरा आकडा पडद्यावर आणायला सांगावा. मग चाक सोडून ते मशीनच्या दांड्यावर अर्धा फेरा फिरवून पुन्हा घट्ट करून मोजावे. प्लेट किंवा कोन दांड्यावर तिरका बसला असेल तर त्याची चूक आता दुप्पट होऊन समोर येते, आणि दहा ग्रॅमहून मोठा आकडा दिसला तर चाक पुन्हा बसवून सगळे नव्याने करावे. एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की या तपासणीतून मशीनवरची बैठक बरोबर आहे की नाही तेवढेच कळते. रिमचे मधले छिद्र आणि स्टड यांतला फरक या चाचणीत दिसत नाही. तो फरक टाळायचा असेल तर चाक स्टडवर धरणे हाच उपाय आहे.

मशीन नसेल तेव्हा

हाताने तोलण्याची पद्धत जुनी आहे आणि ट्रेलरसाठी ती विशेष चांगली ठरते, कारण इथे चाक स्वतःच्या स्टडवरच तोलले जाते. अडचण असते ती बेअरिंगमधल्या घट्ट ग्रीसची आणि रबरी सीलची. यांच्या घर्षणामुळे थोडासा असमतोल असलेले चाक जिथे सोडाल तिथेच थांबते. म्हणून एक जादा हब आणि त्याचा आस मिळवून तो शेगड्यात (व्हाइसमध्ये) घट्ट आडवा पकडावा, सील काढावे, बेअरिंग स्वच्छ धुऊन त्यांत फक्त पातळ तेलाचे चार थेंब सोडावेत आणि नट हब सहज फिरेल इतपतच आवळावा. असा हब केवळ तोलण्यासाठी राखून ठेवावा आणि रस्त्यावर कधीही वापरू नये.

चाक या हबवर सगळे नट लावून बसवावे आणि आधी पद्धतीची संवेदनशीलता पाहावी. रिमच्या कडेला आडव्या रेषेत, म्हणजे तीनच्या जागी, दहा ग्रॅमचा तुकडा तात्पुरता चिकटवून चाक सोडावे. चाकाने हालचालच केली नाही तर घर्षण जास्त आहे. मग तुकडा नऊच्या जागी लावून पाहावे. दोन्ही वेळा चाक निपचित राहिले तर बेअरिंग पुन्हा धुवावीत, कारण ज्या तराजूला दहा ग्रॅम कळत नाहीत त्यावर चाक तोलण्यात अर्थ नाही.

आता जड बाजू शोधायची. चाक हलकेच उजवीकडून फिरवून सोडावे, ते स्वतःहून थांबले की सर्वांत खालच्या बिंदूवर खडूची रेघ मारावी. मग डावीकडून फिरवून पुन्हा तसेच करावे. घर्षणामुळे या दोन रेघा एकाच जागी पडणार नाहीत, त्या दोन-चार बोटे अंतरावर पडतील, आणि खरी जड बाजू त्यांच्या नेमक्या मध्यावर असते. हा प्रयोग तीन-चार वेळा करावा. दर वेळी मध्यबिंदू एकाच भागात येत असेल तर खूण विश्वासाची आहे, आणि तो सगळ्या चाकभर भटकत असेल तर चाक त्या पद्धतीपुरते समतोलच आहे असे समजावे.

जड बिंदूच्या बरोबर समोर, म्हणजे वरच्या बाजूला, रिमच्या कडेवर मळलेल्या मातीचा छोटा गोळा चिकटवावा. मग चाक फिरवून तो गोळा तीनच्या जागी आणून सोडावा. गोळा खाली गेला तर माती जास्त झाली, वर गेला तर कमी पडली. चिमूट चिमूट माती कमी-जास्त करत, गोळा तीनच्या जागी आणि नऊच्या जागीही स्थिर राहील इथपर्यंत यावे. हे काम सावकाशीचे आहे, आणि शेवटी चिमूटभर मातीने चाक हळूच झुकताना डोळ्यांना दिसते. मग गोळा काढून स्वयंपाकघरातल्या किंवा टपालाच्या बारीक काट्यावर तोलावा. आकडा ४५ ग्रॅम आला, तर त्यातले २५ ग्रॅम बाहेरच्या कडेला आणि २० ग्रॅम आतल्या कडेला, त्याच रेषेत लावावेत. सगळे वजन बाहेरच्याच कडेला लावले तर वर-खाली उसळणे थांबेल, पण चाक डोलू लागेल.

वजने लावताना

लोखंडी रिमच्या कडेवर ठोकून बसणारी क्लिपची वजने सर्वांत टिकाऊ. मात्र कडेच्या आकारानुसार क्लिप वेगळी असते, आणि मिश्रधातूच्या रिमची क्लिप लोखंडी रिमवर नीट पकड घेत नाही. बसवलेले वजन बोटाने जोर लावून सरकवून पाहावे, ते सरकले तर क्लिप चुकीची आहे. बोटीच्या ट्रेलरच्या जस्तलेपी रिमवर क्लिप ठोकल्याने लेपाला ओरखडा जातो आणि खाऱ्या पाण्यात गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून तिथे प्लास्टिकचा लेप दिलेली वजने वापरावीत. चिकटवायची वजने लावण्याची जागा आधी साबणाने, मग स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करावी, वजन अंगठ्याने अर्धा मिनिट दाबून धरावे, आणि आतल्या बाजूला ते ब्रेकच्या ड्रमला किंवा कॅलिपरला घासत नाही ना, हे चाक चढवून हाताने फिरवून पाहावे.

काही जण टायरमध्ये काचेचे किंवा सिरॅमिकचे बारीक मणी घालतात. वेगात ते आपोआप हलक्या बाजूला जमतात, आणि मोठ्या मालवाहू ट्रेलरच्या चाकांना, जिथे झिजेबरोबर तोल सतत बदलत जातो, त्यांचा उपयोग होतो. लहान ट्रेलरला मी ते सुचवत नाही. कमी वेगात ते काही काम करत नाहीत, आत ओलावा असेल तर त्यांचे गोळे होतात, आणि व्हॉल्व्हला जाळीची पिन लावली नाही तर हवा तपासतानाच एखादा मणी अडकून हवा गळू लागते.

चाक परत चढवताना

ज्याची बैठक नटांवर आहे, त्या चाकाचे नट आवळणे हा बॅलन्सिंगचाच भाग असतो. हबचा आणि रिमचा टेकणारा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून गंज व रंगाचे पापुद्रे काढावेत, स्टडना ग्रीस किंवा तेल लावू नये, आणि चाक हवेत असतानाच सगळे नट हाताने बसवून घ्यावेत. जमिनीवर टेकलेल्या चाकाचे नट आवळले तर चाक मध्यावर न येता स्वतःच्या भाराने खाली ओढलेल्या जागीच अडकते. मग समोरासमोरचे नट आलटून-पालटून, ताऱ्याच्या आकारात, टॉर्क पान्याने (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने) तीन टप्प्यांत आवळावेत. अर्धा इंच जाडीच्या स्टडला पहिल्या टप्प्यात सुमारे ३०, दुसऱ्यात ७५ आणि शेवटी १२० ते १६० न्यूटन-मीटर अशी सर्वसाधारण रीत आहे, परंतु शेवटचा आकडा ॲक्सलच्या आणि रिमच्या निर्मात्याने दिला असेल तोच पाळावा. साधारण १५, ४० आणि ८० किलोमीटरनंतर थांबून पुन्हा पाना लावावा. नवी किंवा नुकतीच रंगवलेली रिम या काळात जरा दबते आणि नट ढिले पडतात, आणि ट्रेलरचे चाक निखळण्यामागे हे एक नेहमीचे कारण असते.

रस्त्यावरची परीक्षा

ट्रेलरमध्ये माणूस बसवून परीक्षा घेऊ नये. मोबाइल फोन सांगाड्याच्या लोखंडाला, चाकाच्या जवळ, पट्ट्याने घट्ट बांधावा आणि कंपनांची नोंद घेणारे ॲप सुरू करून सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने पाच मिनिटे गाडी चालवावी. टायरच्या मर्यादेबाहेर वेग नेऊ नये. ट्रेलरसाठीच बनवलेल्या अनेक टायरांची मर्यादा पूर्वापार ताशी सुमारे १०५ किलोमीटर धरली जाते, आणि वेगाचे अक्षर छापलेले असेल तर ते पाहावे : एल म्हणजे १२०, एम म्हणजे १३०.

नोंद वाचणे अवघड नाही. सुरुवातीला उदाहरणात घेतलेल्या चाकाच्या ताशी ९०च्या वेगाला सेकंदाला १२ फेऱ्या होतात, म्हणून आलेखात १२ हर्ट्झला शिखर दिसले तर दोष चाकाचाच आहे. शिखर २४ला असेल तर चाक वजनाने समतोल आहे, पण टायर अंडाकार झाला आहे. वेग बदलला तरी शिखर जागचे हलत नसेल तर तो चाकाचा दोष नव्हे. सांगाडा, फाळका किंवा स्प्रिंग आपल्या स्वतःच्या तालात हलत आहे, आणि तिथे ढिला बोल्ट शोधावा.

चाकाचे शिखर कायम असेल, आणि चाक स्टडच्या प्लेटवर नीट तोललेले असल्याची खात्री असेल, तर संशय हब आणि ब्रेकच्या ड्रमवर घ्यावा. ते चाकाबरोबरच फिरतात, पण मशीनवर जात नाहीत. चाक काढून दोन स्टड पुढे सरकवून बसवावे आणि तीच चाचणी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने घ्यावी. थरथर कमी-जास्त झाली तर ड्रम किंवा हब जड आहे, आणि प्रत्येक स्टडवर चाक बसवून पाहिले की सर्वांत शांत जागा सापडते. ती जागा सापडली की स्टडच्या टोकाला आणि रिमवर त्याच्या शेजारी रंगाचा एकेक ठिपका लावून ठेवावा, म्हणजे पंक्चर काढायला चाक उतरवले तरी ते परत त्याच जागी चढेल. पंक्चरसाठी टायर रिमवरून सोडवला असेल, एखादे वजन पडलेले दिसले असेल किंवा टायर निम्मा झिजला असेल, तेव्हा चाक पुन्हा तोलून घ्यावे. आणि स्टेपनीही याच वेळी, याच बैठकीवर तोलून ठेवावी, कारण ती लागते तेव्हा आपण बहुधा हमरस्त्यावर, भरलेला ट्रेलर घेऊन उभे असतो.